पायरिणीच्या उठण्यावरून

सुमेध,

काल दुपारी पायरीण उभी राहिली.

मी डबा उघडून बसले होते. मोबाइल वाजला आणि ती आली, पूर्ण स्क्रीनभर. पाय रोवलेले, मान वर, केस उडालेले, मागे पाडलेल्या चाळीची धूळ आणि तिच्या घोट्याशी खेळण्यातला वाटावा असा बुलडोझर. तुझ्या जागी आलेला नवा चित्रकार चांगला आहे रे, खोटं कशाला बोलू? नाशिकचा मुलगा आहे, हात साफ आहे, आणि बोलतो इतक्या आदराने की ओरडायचीही सोय नाही. "मॅडम, सुमेधसरांची रेघ जमली नाहीये, पण प्रयत्न केलाय," असं त्याने खाली लिहिलं होतं. त्याचा काय दोष? माझ्या पटकथेत होतं तसंच त्याने काढलं. 'पायरीण उठते. वाढत जाते. गच्चीपेक्षा उंच होते.' हे वाक्य मी लिहायचे, तू खोडायचास, मी परत लिहायचे. आता खोडायला तू नाहीस, म्हणून ते राहिलं.

आपल्या वेबकॉमिकचा शेवटचा भाग ॲपवाल्यांना सोमवारी हवा आहे. मी 'ठीक आहे' एवढं लिहिलं की झालं. तेवढंच लिहवत नाही. कालपासून घरात फेऱ्या मारतेय, खाली उतरतेय, लालबागच्या नाक्यापर्यंत जाऊन काही न घेता परत येतेय. आई म्हणाली, "गो शिल्पा, एका जाग्यार बस बघया. तुका बघून माका गरगराक लागला." बसवत नाही. तुझ्याशी भांडल्याशिवाय मी आजवर एकही भाग पाठवलेला नाही, आणि आता भांडायचं कुणाशी?

लोक तुझ्याबद्दल काय काय लिहितायत. शांत, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. वाचून मला हसू येतं, मग रडू येतं, मग राग येतो. मनमिळाऊ! एका भुवईच्या जाडीवरून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास.

आणि ही सगळी भानगड सुरू झाली तुझ्या जिन्यात. करी रोडची तुमची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली, तुम्हाला वरच्या मजल्यावर घर मिळालं, आणि मागच्या बाजूला आगीच्या वेळी उतरायचा जिना मिळाला. दोन लिफ्ट असताना जिना कोण चढतो? तिथे लोकांनी जुन्या सायकली, पाय मोडलेली टेबलं, रिकाम्या कुंड्या आणून टाकल्या होत्या. घरात टीव्ही मोठ्याने लागलेला असायचा म्हणून आपण दोघं त्या जिन्यावर बसायचो. तू मांडीवर टॅब घेऊन, मी तुझ्या एक पायरी वर, म्हणजे तुझ्या खांद्यावरून डोकावून चुका काढता याव्यात म्हणून.

मला मुंबईचे विसरलेले देव हवे होते. प्रत्येक वस्तीचा एक, कुठल्याही पोथीत नसलेला, आपण नव्याने केलेला. रे रोडच्या लाकडाच्या वखारींचा देव तू एका बैठकीत काढलास, अंगभर सागवानाच्या रेषा असलेला. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीचा देवही पटकन झाला, बदलीच्या भीतीने कायम अर्धं सामान बांधून बसलेला. घोडं अडलं ते आपल्या गिरणगावापाशी. मी चार हातांची देवी लिहून आणली होती. एका हातात मागाचा धोटा, एकात सुताची लडी, एकात कंदील, चौथा आशीर्वादाला. वाहन घूस. तू वाचलंस, टॅब बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "शिल्पे, ही देवी आहे की गिरणीचं म्युझियम?"

मी चिडले. "मग तू सांग."

"मी काय सांगू? आमच्या घरात देव नाहीत. मला सवय नाही. तूच सांग, देव करतो काय?"

"मागितलं की देतो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर आपलंच काहीतरी चुकलेलं असतं."

तू इतका हसलास की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "मस्त नोकरी आहे," म्हणालास. "कुठे अर्ज करायचा?"

मग हसणं थांबवून तू मला विचारलंस, आपल्या लोकांना इथे सगळ्यात जास्त काय हवं होतं? मी म्हटलं काम, पगार. तू मान हलवलीस. म्हणालास, जागा. तुमच्या जुन्या खोलीत रात्री माणसं एका कुशीवर झोपायची आणि तेवढ्यात गावाहून आणखी कुणी यायचं, पिशवी घेऊन, न कळवता. कुणी त्याला परत जा म्हटलं नाही. सगळे सरकायचे. "सरकलं की जागा व्हायची. कशी व्हायची ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी त्याच खोलीत वाढलोय," तू म्हणालास. "तुला चमत्कार पाहिजे ना? मग हा घे."

त्या वाक्यातून ती झाली. जिन्यावर बसलेली बाई. जो येईल त्याच्यासाठी ती थोडी सरकते आणि जागा होते, बस्स. तिच्या शेजारी बसायचं, बोलायचं किंवा नाही बोलायचं. जिना रुंद होतो, खोलीत एक गादी जास्त मावते, भरलेल्या गॅलरीत पाळणा बांधता येतो. मी तिला सोपानेश्वरी म्हणणार होते. तू म्हणालास, असलं नाव ठेवलंस तर देणगीची पावती छापावी लागेल. पायरीण हे नाव तुझं.

किती चेहरे केलेस तू तिचे! पहिली फार सुंदर झाली म्हणून तूच पुसलीस. दुसरी म्हातारी झाली, तेव्हा म्हणालास की हिला बघून लोक नुसते गहिवरतील, शेजारी बसणार नाहीत. मग मधल्या वयाची, कामावरून आलेली, गाऊनवर ओढणी घेतलेली, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून काय डोकावणार यावर आपण एक अख्खी संध्याकाळ घालवली. मला कोथिंबीर हवी होती. तू म्हणालास, प्रत्येक चित्रकार कोथिंबीर काढतो, आपण दुधी काढू.

गाऊन बघून माझी आई हादरली. तू आमच्याकडे बांगडे खायला आला होतास, हात अजून ताटात होते, आणि आईने तुला धरलं. "मगे रे सुमेध, तुझ्या देवीची ओटी कोण भरता?"

"मावशी, ती स्वतःच पिशवी घेऊन बाजारात जाते."

"मग ती देवी न्हय," आई म्हणाली. "शेजारीण म्हण तिका."

तू खरकट्या हाताने कपाळ बडवून घेतलंस. "हेच! मावशी, हेच मी हिला कधीचं सांगतोय!" मी म्हटलं, अजिबात सांगत नव्हतास. तेव्हापासून आई तुझ्या बाजूची झाली, ती कायमची. तू गेल्याचं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कितीतरी वेळ नुसती दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातचा खाणारो गेलो." एवढंच.

दादरचा तो प्रकार मी अजून लोकांना सांगते, आणि सांगताना अजून मला तुझा तो लाल झालेला चेहरा दिसतो. कॉमिकवाल्यांचा मेळावा होता. आपल्या टेबलामागे पायरिणीचा पुठ्ठ्याचा मोठा कटआउट उभा केला होता. तेव्हा ती पायरीवर ताठ बसलेली असायची, मान मोकळी, नजर समोर. आपण चहा प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर तिच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर खरं हळदीकुंकू, पुढे फोडलेला नारळ, आणि सफारी घातलेले एक काका हात जोडून उभे. दहावीतल्या मुलीसाठी मागणं मागत होते. आपल्याकडे मूर्तीसारखं काही दिसलं की हात आपोआप जोडले जातात, त्यात त्यांची काय चूक? पण तू सरळ गेलास, हार काढलास आणि त्यांच्या हातात ठेवलास. "काका, हा मुलीला घाला. अभ्यास ती करणार आहे."

मग काय, बोंबाबोंब. "देवीचा हार काढतो? कोण रे तू?"

"अहो, मीच केलीय ती! गेल्या मंगळवारी केलीय!"

"तू कोण देवी करणारा?"

आपणच केलेल्या देवीचा अपमान केला म्हणून आपल्यालाच टेबल आवरून निघावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्लाझापर्यंत तू झपाझप चालत होतास, काखेत पायरीण, तिच्या कपाळावर कुंकू. मग एकदम थांबलास आणि म्हणालास, "गळा दिसतो म्हणून झालं."

दुसऱ्या दिवशी तू तिला बदललंस. गुडघे पोटाशी घेतलेले, त्यांना हातांचा वेढा, हनुवटी गुडघ्यांवर. गळा कुठे दिसतच नाही. "घाला आता हार," म्हणालास, आणि स्वतःवर जाम खूश होतास. मी म्हटलं, पाय आहेत ना, लोक फुलं पायांवर वाहतील. तू तिच्या पायांत चपला घातल्यास. वाचकांनी कमेंटमध्ये तुला फाडून खाल्लं. देवीच्या पायांत चप्पल, लाज वाटत नाही का? तू एकालाच उत्तर दिलंस, "जिन्यावर काचा असतात." पायरिणीचं आज सगळ्यांना माहीत असलेलं ते रूप, ज्याच्यावर लोक तुझ्या प्रतिभेबद्दल लिहितायत, ते एका हारावरच्या तुझ्या रागातून आलेलं आहे. हे मी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

मी तुला छळायचे. तुमच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी आहेत, त्यांना हार असतोच की! तू शांतपणे म्हणायचास, तो मान आहे, मागणं नाही. "मानाला माझी ना नाही गं. मागायला लागलं की माणूस खाली बसतो आणि समोरचा वर जातो." मी म्हणायचे, माणूस अडला की मागणारच. तू म्हणायचास, शेजाऱ्याकडे माग. हे बोलणं आपलं कधी संपलंच नाही. दर वेळी कुणाला तरी भूक लागायची आणि आपण वडापाव खायला उतरायचो.

शेवटच्या भागावर मात्र आपण खरंच भांडलो. गोष्टीत चाळ पाडायला मशीन येतं. मी म्हटलं, इथे पायरीण उठली पाहिजे. इतके भाग ती बसून आहे ती कशासाठी, या एका क्षणासाठीच ना? तू नाही म्हणालास. ती उभी राहिली की तिच्या शेजारी बसायचं कसं? लोक मान वर करून बघणार, आणि मान वर झाली की हात जोडले जाणार.

"बसलेल्यांवरूनच बुलडोझर जातात, सुमेध," मी म्हटलं. "तुझ्या तत्त्वापायी तू तुझ्याच लोकांना वाचवत नाहीयेस."

तू टॅब बंद केलास. मग म्हणालास, "आमची चाळ पाडली तेव्हा कुणी उभं राहिलं नाही गं. आम्ही टेम्पोत सामान भरलं. शेजाऱ्यांनी कपाट उतरवायला हात लावला. मला ते दाखवायचंय."

"मग शेवट काय होतो? ती बसूनच राहते?"

"काढून दाखवतो," म्हणालास.

मी पाय आपटत लिफ्टने खाली गेले. मग तुला ताप आला, डेंग्यू निघाला, आपण फोनवर प्लेटलेट्सबद्दल बोलायला लागलो आणि पायरिणीचं राहून गेलं. काय काढून दाखवणार होतास रे? तुझ्या टॅबमध्ये काही नाही, बघितलं सगळं. ते तुझ्या डोक्यात होतं आणि ते घेऊन तू गेलास.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आले होते मी. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता आणि माझे हात शिवशिवले, खरंच सांगते. पुढे होऊन काढावा आणि म्हणावं, याला गळ्यात काही घातलेलं आवडत नाही. मग आठवलं, हा मान आहे. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी मागच्या दाराने जिन्यात गेले, तर तिथे मावशी, तुझी आई. मेणबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणून आली होती, असं म्हणाली.

मावशींनी मला विचारलं, "ती जिन्यावरची बाई, तिचं काय होणार गं शेवटी?"

तुला वाटायचं घरात कुणी वाचत नाही. मावशी सगळं वाचतात, पहिल्या भागापासून. तुला सांगितलं नाही कारण "तो लाजला असता, मग काढताना हात अडला असता." मी आपलं भांडण त्यांना सांगितलं. तुझी बाजू नीट सांगितली हं, माझ्यापेक्षा चांगली सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं.

"उभी राहू दे गं तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरासाठी कोण उभं राहिलं? गोष्टीत तरी कुणीतरी उभं राहू दे."

आता सांग. एकीकडे तू, एकीकडे तुझी आई. मी काय करायचं होतं? मी तिथून आले आणि माझंच जुनं वाक्य जसंच्या तसं नाशिकला पाठवून दिलं. वाटलं, झालं, माझंही आणि मावशींचंही मन राहिलं. तू तर पालथा घडा, तुझ्यावर कितीही पाणी ओता. आणि काल ती उभी राहिलेली आली, तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कारण एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही, मावशींनाही सांगितली नव्हती.

तुला अतिदक्षता विभागात हलवलं त्या दुपारी आम्हाला वर थांबू देत नव्हते. मावशींना खाली बाकावर बसवून मी हॉस्पिटलच्या जिन्यावर गेले. आमच्या घरात देवांची वाण नाही. गावचा ग्रामदेव आहे, कुलदेवी आहे, लालबागमध्ये राहते तर गणपती आहे. एरवी बारीकसारीक कामाला मी सगळ्यांना वेठीला धरते. त्या दिवशी एकाचंही नाव तोंडात आलं नाही. मी हात जोडले ते पायरिणीपुढे. आपणच केलेल्या, गाऊनवाल्या, दुधी घेऊन बसणाऱ्या पायरिणीपुढे. तिचं प्रत्येक वाक्य मी लिहिलेलं आहे, आणि मी तिला नवस बोलले. म्हटलं, शेवटच्या भागात उभी राहू नकोस, चालेल, मी हरले, त्याचंच खरं. पण आत्ता, इथे, एकदाच उभी राहा. त्याच्यासाठी.

हसू नकोस. हसलास तरी चालेल.

ती उभी राहिली नाही. तूच तिला तशी केली होतीस.

मी किती वेळ तशी बसले होते माहीत नाही. मग कुणीतरी म्हणालं, "ताई, जरा सरका की." एक बाई होती, हातात डबा. मी सरकले. ती टेकली, डबा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि अर्धी चपाती मोडून भाजी घालून माझ्यापुढे धरली. "कोण आहे आत?" मी म्हटलं, मित्र. तिने पुढे काही विचारलं नाही. "खावा. रडायला पण ताकद लागते," म्हणाली. मी खाल्ली. वांग्याची भाजी होती, तिखट. खाताना रडले, आणि ती मला खेटून बसून स्वतःचं जेवत राहिली.

आता तू म्हणशील, बघ, आली की नाही! नाही, सुमेध. ती पायरीण नव्हती. ती नालासोपाऱ्याची होती, तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता आणि सासूने डब्यात मीठ जास्त घातलं म्हणून ती सासूच्या नावाने खडे फोडत होती. बाई होती. मात्र त्या अख्ख्या हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी माझं जे काही भलं झालं, ते तेवढंच झालं.

म्हणून ते चित्र मला बघवत नाही. गच्चीपेक्षा उंच, डोळ्यांत जाळ, पायाशी मशीन. लोकांना आवडेल, शेअर करतील, टीशर्टवर छापतील. आणि मला माहीत आहे की ते खोटं आहे. महिन्याभरापूर्वी मी ते मजेत लिहिलं असतं. आता लिहिलं तर मी त्या जिन्यावर बसलेच नव्हते असं होईल.

आज सकाळी मी मावशींना फोन केला. म्हटलं, तुम्ही म्हणालात ती उभी राहू दे, पण माझ्याच्याने होत नाही. आणि मग ते सगळं सांगितलं, हात जोडल्याचंसुद्धा.

"त्या दिवशी तू काही खाल्लं नव्हतंस ना?" मावशींनी विचारलं.

"नाही. तिने दिलं तेवढंच."

त्या म्हणाल्या, "मग बसू दे तिला."

मी रडायला लागले, त्याही लागल्या. मग मी त्यांना सांगितलं की पायरीण चाळ वाचवत नाही, ती लोकांबरोबर टेम्पोत चढते, सामानात बसते, आणि कुणीतरी चढलं की सरकते. मावशींनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "पुढे डायवरपाशी नको हं बसवू. मागे बसव. पुढे मी बसले होते, मला उलटी झाली. सुमेध मागे गादीवर बसून हसत होता." म्हणजे तू मागे होतास. मला तू हे कधी सांगितलं नव्हतंस.

नाशिकच्या मुलाला मी नवीन वाक्यं पाठवली. 'पायरीण उठत नाही. चाळ पडते. टेम्पो निघतो.' त्याने लगेच विचारलं, मॅडम, टेम्पोत तिच्या शेजारी सुमेधसरांना दाखवू का, वाचकांना फार आवडेल. मी म्हटलं, खबरदार. तिथे गॅसची शेगडी मांडीवर घेतलेली, कुणाशी तरी भांडत असलेली एखादी बाई बसव. त्याने बिचाऱ्याने 'ओके मॅडम' म्हणून अंगठा पाठवला. तू असतास तर शेगडीच्या ब्रँडवरून भांडला असतास.

तू काढून दाखवणार होतास ते हेच होतं का? की माझ्या डोक्यात कधी येणारच नाही असं काहीतरी? ते मला आता कळणार नाही आणि याचा मला राग आहे. तुझाच राग आहे. दुसरा कुणाचा करू? इतकी वर्षं माझ्या चुका खोडल्यास, मला बरं लिहायला लावलंस, त्याबद्दल तुझे आभार मी एकदाही मानले नाहीत. आज मानते. बरं वाटत नाही मानून.

पायरीण बसूनच राहणार, सुमेध. तू जिंकलास. पण जिंकलेल्या माणसाने समोर असायला नको का? मी हरल्याचं कुणाला सांगू? म्हण ना एकदा, "शिल्पे, हरलीस." मी उलटून बोलणार नाही. बरं, बोलेन. पण तू आधी म्हण तरी.